तेरावं द्राक्ष

31 डिसेंबरच्या संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर द्राक्षं घ्यायला गेले. द्राक्षवाला म्हणाला, "ताई, नाशिकचा खरा माल यायला वेळ आहे अजून. ही बागलाणची, अर्ली." अर्ली म्हणजे महाग आणि आंबट, हे इतक्या वर्षांत पाठ झालंय. तरी अर्धा किलो घेतली. घरी येऊन ताटात मोजायला बसले. माणसं चार, प्रत्येकी बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस. तेवढ्यात सासूबाई चष्मा लावून आल्या आणि प्रत्येक वाटीत एकेक द्राक्ष वाढवून गेल्या.

"आई, बारा लागतात."

"यंदा अधिक ज्येष्ठ आहे. 17 मे ते 15 जून. वर्ष तेरा महिन्यांचं, तर द्राक्षं बारा कशी?"

नवऱ्याने समजावून पाहिलं की हे इंग्रजी वर्ष आहे, त्यात अधिक महिना बसत नाही. त्यावर उत्तर आलं, "मग तू बारा खा. वर्षभर काही कमी पडलं तर मला सांगायला येऊ नकोस." तो गप्प. आम्ही सगळ्यांनी तेराच खाल्ली.

नव्या वर्षाच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं खायचं हे खूळ आमच्या घरात आलं ते आलिकांतेहून. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे जवळपास तीन वर्षं होतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर, समोर भूमध्य समुद्र, डोक्यावर सांता बार्बाराचा किल्ला आणि समुद्राकाठी लाटांच्या नक्षीची संगमरवरी फरशी घातलेला लांबलचक रस्ता. डिसेंबरात तिथे भर दुपारी सतरा-अठरा अंश. मुंबईत पहाटे तेवढं झालं की आपण मफलर काढतो. तिथे लोक त्याच तापमानात वाळूवर उन्हाला बसून वाइन पितात.

2022 च्या पावसाळ्यात सासरे गेले. ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आईंना दादरच्या घरात एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून त्या हिवाळ्यात त्यांना तिकडे नेलं. येताना त्यांनी बॅगेत काय आणलं असेल? मेतकूट, गोडा मसाला, दोन सुती साड्या जास्तीच्या, पावसाळी छत्री, आणि अर्धा किलो अळीव. थंडीत लाडू करायला. या अळिवाची गोष्ट पुढे येते.

आता एक कबुली. त्या दोन महिन्यांत मला आईंचा राग यायचा. कारण एकच, त्यांचं "आपल्याकडे पण असंच असतं". काहीही दाखवा. मी हौसेने एखादी गोष्ट समजावून सांगायचे, गूगलवर वाचून ठेवलेली, आणि शेवटी त्या मान हलवून म्हणायच्या, "हां, आपल्याकडे पण असंच असतं." मला वाटायचं, अहो, जरा नवल तरी वाटू द्या!

तुरोनचंच घ्या. आलिकांतेपासून पंचवीसेक किलोमीटरवर हिहोना नावाचं गाव आहे, नाताळातल्या बदामाच्या मिठाईसाठी सगळ्या देशात प्रसिद्ध. एक प्रकार कडक, आख्खे बदाम मधात आणि अंड्याच्या पांढऱ्यात घालून वर-खाली पातळ पापुद्रा लावलेला. तो आलिकांतेचा. दुसरा हिहोनाचा, बदाम वाटून केलेला, मऊ, तेल सुटलेला. मी अरबांच्या काळापर्यंत मागे जाऊन इतिहास सांगितला. आईंनी कडक तुरोनची वडी हातात घेऊन टेबलावर आपटून पाहिली. "चिक्की आहे. गूळ नाही एवढंच." मग कवळीला धोका नको म्हणून वरवंटा मागितला. वरवंटा नव्हता. शेवटी नवऱ्याच्या हातोडीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तुरोन फोडला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सेन्योरा राहायची. सत्तरीची, एकटीच, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. माहेर कातालोनियातलं, सासर आलिकांते. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने आम्हाला बेलेन बघायला बोलावलं. बेलेन म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. नुसता गोठा नव्हे, आख्खं गाव. बुचाच्या सालीचे डोंगर, चांदीच्या कागदाची नदी, डोंगरावर बर्फ म्हणून भुरभुरलेलं पीठ, पाणचक्की, भाकरी भाजणारी बाई, मेंढ्या, विहीर. लांब कोपऱ्यात उंटांवरचे तीन राजे. हे राजे ती रोज बोटभर पुढे सरकवायची, म्हणजे 6 जानेवारीला ते बरोबर गोठ्याशी पोहोचतात.

आई बघतच राहिल्या. मी मनात म्हटलं, आता येणार. आलंच.

"किल्ला आहे हा! आपल्या दिवाळीतला किल्ला!"

आणि खोटं कशाला बोलू, खरोखर तसाच होता. विटांवर पोतं, पोत्यावर लाल माती, वरच्या सिंहासनावर महाराज, पायथ्याशी एकमेकांच्या मापात न बसणारे मावळे, आणि त्यांच्यापेक्षा मोठी कोंबडी. सेन्योराच्या बेलेनमध्येही मेंढी गाढवाएवढी होती. आईंना मात्र एक गोष्ट खटकली. "हिच्या डोंगरावर गवत नाही. अळीव पेरायला हवे."

मी हसून सोडून दिलं. दोन दिवसांनी आई खाली एकट्याच गेल्या होत्या, लाडू द्यायला. भाषा एकीलाही दुसरीची येत नाही, तरी तासभर बसून आल्या. आठवड्याने सेन्योरा धापा टाकत वर आली आणि मला हाताला धरून खाली घेऊन गेली. गोठ्यामागच्या डोंगरावर हिरवंगार गवत उगवलं होतं. आईंनी बुचाच्या खाचांमध्ये ओला कापूस ठेवून त्यावर अळीव पेरले होते आणि सेन्योराला खुणेने सांगितलं होतं की रोज पाणी शिंपड. तिला वाटलं होतं हा काहीतरी धार्मिक विधी असणार, म्हणून तिने इमानाने शिंपडलं! आता ती शेजारच्या बायकांना बोलावून बोलावून ते गवत दाखवत होती.

त्याच बेलेनमध्ये आईंना आणखी एक शोध लागला. गोठ्याच्या मागे, झाडाआड, एक लाल टोपीवाला माणूस चड्डी सोडून बसलेला. परसाकडे. मला वाटलं सेन्योराच्या नातवाचा चावटपणा. तर तो तिच्या माहेरचा रिवाज निघाला. कागानेर म्हणतात त्याला, कातालोनियाकडच्या देखाव्यांमध्ये तो हवाच, जमिनीला खत घालतो म्हणून शुभ मानतात. आईंनी मला भाषांतर करायला लावलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मात्र आपल्याकडे नाही." त्या हिवाळ्यातलं हे पहिलंच 'नाही'. मला केवढा आनंद झाला!

शहराचा मोठा बेलेन पालिकेच्या इमारतीसमोर होता. जोसेफ, मेरी आणि बाळ, तीनच मूर्ती, पण जोसेफ जवळपास 18 मीटर उंच. 2020 मध्ये त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. साठ फूट म्हटल्यावर गिरगाव-लालबागच्या माणसाला मान वर करून मोजावंसं वाटतंच. आईंनी मोजून झाल्यावर विचारलं, "आणि विसर्जन कुठे करतात?" करत नाहीत, उचलून ठेवतात आणि पुन्हा मांडतात, असं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. घरी येताना ट्राममध्ये म्हणाल्या, "बाळ मोठं होणार, आणि हे पुन्हा पुढल्या वर्षी त्याला तिथेच झोपवणार." आता यावर काय बोलायचं?

22 डिसेंबरला सोडत. स्पेनमध्ये नाताळ खरा सुरू होतो तो लॉटरीने. सकाळपासून प्रत्येक बारमध्ये, दुकानात, न्हाव्याकडे टीव्हीवर एकच आवाज. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं एकेक गोळी काढून आकडा आणि बक्षीस गाऊन सांगतात, तासन् तास, एकाच सुरात. ही सोडत पहिल्यांदा झाली 1812 मध्ये, कादिझला. नेपोलियनशी लढाई चालू होती, सरकारला पैसे हवे होते आणि कर वाढवायची सोय नव्हती. सर्वात मोठ्या बक्षिसाला म्हणतात एल गोर्दो, म्हणजे लठ्ठ्या. एका तिकिटाचा दहावा भाग 20 युरोंना मिळतो आणि लठ्ठ्या लागला तर त्या एका भागाचे चार लाख युरो. लोक ऑफिसात, बारमध्ये, कुटुंबात मिळून एकच आकडा घेतात. एकट्यालाच लागला नि शेजारी तसाच राहिला, असं नको म्हणून.

आईंना ते गाणं ऐकून परवचा आठवला. "पावकी-निमकी म्हणायचो तसं म्हणतायत." आणि लॉटरीचं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली निघाली, तेव्हापासून सासरे दर दिवाळीला एक तिकीट घ्यायचे आणि निकालाचा आकडा स्वतःच छापण्याआधी तपासायचे. कधी काही लागलं नाही. त्या वर्षी आम्ही सेन्योराबरोबर अर्ध्या भागीत एक भाग घेतला होता. लठ्ठ्या निघाला 05490. आमच्या आकड्याच्या शेवटी शून्य होतं, आणि शेवटचा आकडा जुळला की तिकिटाचे पैसे परत मिळतात. 20 युरो परत. दहा आमचे, दहा तिचे. आई दिवसभर खुशीत होत्या. "ह्यांना जन्मात जमलं नाही ते मला पहिल्या फटक्यात."

24 तारखेने मात्र त्यांची निराशा केली. दिवाळीच्या सवयीने त्या साडी नेसून, वेणी घालून संध्याकाळी रोषणाई बघायला तयार. सातच्या सुमारास खाली उतरलो तर दुकानं बंद होत होती, बार ओस, नऊपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती रात्र तिथे घरच्यांबरोबर जेवायची, बाहेर कोण कशाला थांबेल? प्रत्येक खिडकीत दिवा आणि आतून भांड्यांचा आवाज. "सण आहे की संचारबंदी?" आईंनी विचारलं. घरी येऊन मुगाची खिचडी टाकली. चार माणसांचं टेबल, बाहेर शुकशुकाट. मला स्पेनमध्ये तीन वर्षांत एवढं परकं कधी वाटलं नव्हतं. बहुतेक आईंनाही वाटलं असावं, कारण त्या रात्री त्या काहीच कशासारखं म्हणाल्या नाहीत.

दहाला सेन्योराने बेल वाजवली. तिच्याकडे मुलगा-सून आलेले, त्यांना सोडून एक ताट घेऊन वर आलेली. त्यात तुरोन आणि कागदात गुंडाळलेले पोल्व्होरोन. पोल्व्होरोन म्हणजे भाजलेल्या पिठाचं, बदामाचं बिस्किट, इतकं भुसभुशीत की कागद न काढता आधी मुठीत दाबायचं, घट्ट करायचं, मग खायचं. नाही तर सगळं पीठ अंगावर. आईंना ही दाबायची युक्ती इतकी आवडली की लागोपाठ दोन खाल्ले. लेकीला तेव्हा स्पॅनिश आमच्यापेक्षा जास्त यायचं. ती कागद वाचत म्हणाली, "आजी, यात मान्तेका दे सेर्दो आहे."

"म्हणजे?"

कुणी सांगेना. शेवटी नवऱ्याने सांगितलं, डुकराची चरबी. जन्मात अंडंही न खाल्लेली बाई. (तुरोनमधल्या पांढऱ्याबद्दल मी तोंड उघडलं नव्हतं, आजही उघडलेलं नाही. आई ब्लॉग वाचत नाहीत.) सेन्योराला काहीतरी चुकलं एवढं कळलं आणि तिचा चेहरा पडला. आईंनी तिच्याकडे पाहिलं, ओठांवरचं पीठ पदराने पुसलं आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, छान झालंय. आणि विचार, तुपातलं करता येईल का?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसतं दूध घेतलं. तो विषय तिथे संपला.

तुपातलं करता येतं. आता दर वर्षी करतोही. ती नानकटाईच होते, पण आमच्या घरात तिला कागदात गुंडाळून, मुठीत दाबून खायची पद्धत आहे.

मग 31 ची द्राक्षं. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातलं घड्याळ रात्री बारा ठोके देतं, तीन-तीन सेकंदांच्या अंतराने, आणि प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष. छत्तीस सेकंदांत बारा. आधी चार जोडठोके होतात, ते फसवे. त्यावर खायला सुरुवात केली की सगळा हिशोब बिघडतो. 1909 मध्ये आलिकांतेकडच्या बागायतदारांचं पीक उदंड आलं आणि ते खपवायला त्यांनी ही प्रथा पसरवली, असं तिथे जो तो सांगतो. माद्रिदच्या वर्तमानपत्रांत त्याच्या आधीच, 1890 च्या दशकात, द्राक्षं खाणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्यांनी शोध लावला नसेल, धंदा मात्र बरोबर ओळखला. तिथली द्राक्षं विनालोपो नदीच्या खोऱ्यातली. वेलीवर असतानाच घडांना कागदी पिशव्या बांधतात, किमान दोन महिने. किडीपासून, पावसापासून बचाव होतो, साल नाजूक राहते आणि घड उशिरा, डिसेंबरात तोडायला मिळतो.

आईंचं माहेर निफाड. द्राक्षाबद्दल त्यांना कुणी शिकवायचं म्हणजे फारच झालं. "भाचा निर्यातीच्या घडांना पेपर गुंडाळतो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी चुका काढलेले पेपर. मी ह्यांना म्हणायची, तुमचं वाचन द्राक्षं करतात." हे बोलून त्या हसल्या, आणि सासरे गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सेन्योराच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे वाट्या घेऊन बसलो. द्राक्षात बिया होत्या. लेकीसाठी सोललेली, बिया काढलेली, डबाबंद बारा द्राक्षं मिळतात ती आणली होती. ठोके सुरू झाले आणि आई प्रत्येकाला महिना म्हणायला लागल्या. चैत्र. वैशाख. ज्येष्ठ. कार्तिकापर्यंत तोंड इतकं भरलं की मार्गशीर्षाचा 'म' सुद्धा निघेना. सेन्योरा त्यांची नक्कल करायला गेली आणि तिला ठसका लागला.

5 जानेवारीच्या तीन राजांच्या मिरवणुकीबद्दल थोडक्यात. रथांवरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पडतो, पोरं आणि पोरांचे आजी-आजोबा छत्र्या उलट्या धरून झेलतात. मुंबईच्या पावसाळी छत्रीने त्या दिवशी बाकी सगळ्यांना मागे टाकलं. फक्त तिसरा राजा, बाल्तासार, तोंडाला काळा रंग फासलेला गोरा माणूस होता हे लेकीला आवडलं नाही. तिच्या वर्गात घानाचा एक मुलगा होता, त्याला का नाही घेतलं, तिचा सरळ प्रश्न. तिथेही यावर वाद होतात आणि काही गावांनी पद्धत बदललीय. माझ्यापाशी तिला द्यायला उत्तर नव्हतं.

6 तारखेला सकाळी रोस्कोन. गोल कड्यासारखा गोड पाव, वर साखरेत मुरवलेली फळं, आत लपवलेला एक छोटा राजा आणि एक सुकी पावट्यासारखी बी. राजा ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. बी ज्याला मिळेल त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे. सेन्योराने कापून ताटल्या दिल्या. आई हातात ताटली धरून नुसत्या बसून होत्या.

"आज सहा जानेवारी," त्या म्हणाल्या. "पत्रकार दिन. बाळशास्त्रींचं दर्पण." 1832. सासऱ्यांच्या ऑफिसात त्या दिवशी छोटासा कार्यक्रम व्हायचा आणि प्रत्येकाला समोसा-बर्फीचं पुडकं मिळायचं. सासरे ते तिथे उघडायचे नाहीत. तसंच घरी आणायचे आणि समोशाचे सुरीने चार तुकडे करायचे. मी सेन्योराला हे जमेल तसं सांगितलं. ती उठली, आईंच्या ताटलीतला तुकडा तिने सुरीने चार भागांत कापला आणि पुन्हा समोर ठेवला. आईंनी खाल्ला.

2024 मध्ये आम्ही परत आलो. मला वाटलं होतं हे सगळं तिकडेच राहील. पण पहिल्याच डिसेंबरात आईंनी विचारलं, "द्राक्षं कधी आणायची?" तेव्हापासून 1 जानेवारीला पहाटे सव्वाचारचा गजर लागतो, कारण तिथे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार. सेन्योरा फोन टीव्हीसमोर धरते. व्हिडिओ अडकत अडकत येतो, ठोके आमच्यापर्यंत पोहोचेतो तिचं दुसरं द्राक्ष तोंडात गेलेलं असतं. यंदा अधिक ज्येष्ठाचं द्राक्ष आईंनी सगळ्यात शेवटी, ठोके संपल्यावर, निवांत खाल्लं. खाली दूधवाल्याची सायकल वाजली. सेन्योराने तेरावं पाहिलं आणि का म्हणून विचारलं. मी स्पॅनिशमध्ये अधिक महिना समजावून सांगायला लागले आणि दोन वाक्यांत हरले.

रोस्कोन मी घरी करते. संत्र्याच्या फुलांच्या पाण्याऐवजी संत्र्याची साल किसते. राजा म्हणून दिवाळीच्या किल्ल्यातला मातीचा मावळा, फॉइलमध्ये गुंडाळून. बी म्हणून कडवा वाल. दोन्ही भाजून झाल्यावर खालून खुपसायचे. यंदा 6 तारखेला मावळा लेकीला मिळाला. वाल कुणालाच मिळाला नाही. शेवटचा तुकडा संपला तरी वाल नाही. गिळला असता तर कळलं असतं. नवरा माझ्याकडे, मी लेकीकडे, लेक आजीकडे. आई समोशाचे चार तुकडे करण्यात गुंग. (समोसे त्या स्वतः जाऊन आणतात, त्या एका दिवशी.)

आज सकाळी तुळशीला पाणी घालायला गॅलरीत गेले, तर शेजारच्या कुंडीत माती फोडून वालाचा कोंब वर आलाय. रोस्कोनचे पैसे अजून कुणी दिलेले नाहीत.